घासलेली करवतीची पाती: धार लावायची, वापरायची की भंगारात द्यायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वर्कशॉपमधल्या लपलेल्या खर्चांबद्दल बोललो. त्यातला ब्लेडचा मुद्दा मला दोन मिनिटांत उरकावा लागला. पण तो दोन मिनिटांचा नाही. त्यात पैसाही आहे आणि बोटंही आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरणाला कारंजा (घाडगे) घेऊ. वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं तालुक्याचं गाव. जवळ बोरचं जंगल, आजूबाजूला संत्र्याच्या बागा. अशा गावात दार-चौकटी करणारे सुतार असतात, ग्रिल आणि शेड करणारे फॅब्रिकेशनवाले असतात, टाइल्स बसवणारे कारागीर असतात, बागेत छाटणीला चेनसॉ घेऊन जाणारी पोरं असतात. या प्रत्येकाकडे एक कोपरा असतो. तिथे संपलेली पाती पडलेली असतात, कुणी खिळ्याला टांगतं, कुणी पोत्यात टाकतं. "बघू कधीतरी" म्हणून ठेवलेला माल. तुमच्याकडेही असेलच.

हा कोपरा हल्ली जास्त भरतो, त्याला कारण आहे. पूर्वी हातकरवत बोथट झाली की सुतार दुपारच्या वेळी कानस घेऊन बसायचा, दात काढायचा, करवत पुन्हा चालू. एक करवत वर्षानुवर्षं चालायची. आता बहुतेकांकडे विजेवरची सर्क्युलर सॉ आहे. पीएम विश्वकर्मा योजनेतून सुतारांना १५ हजार रुपयांपर्यंतचं टूलकिट मिळतं (या योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ ला आपल्या वर्ध्यातच झाला होता), त्यामुळे मशीन हातात आलेल्यांची संख्या वाढतेय. चांगली गोष्ट आहे. पण या मशीनच्या ब्लेडला टंगस्टन कार्बाइडचे दात असतात, आणि कार्बाइड कानशीपेक्षा कठीण. कानस त्यावरून नुसती घसरते. म्हणजे धार लावायचं काम सुताराच्या हातातून गेलं आणि ब्लेड "वापरा, फेका" झालं. फेकायचं कुठे आणि कसं, हे मात्र मशीनच्या खोक्यात कुणी लिहून दिलेलं नसतं.

आधी बघा, ब्लेड खरंच संपलंय का

लाकूड जळाल्यासारखं काळं पडतंय, मशीनला जोर द्यावा लागतोय, आवाज बदललाय, मोटर तापतेय. ही सगळी लक्षणं बोथट ब्लेडची आहेत, पण घाणेरड्या ब्लेडचीही तीच आहेत. लाकडाचा चीक आणि प्लायचा गोंद दातांच्या मागे चिकटून बसतो. ब्लेड मशीनमधून काढा (प्लग आधी काढा, बटण बंद करून भागत नाही), कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडं करून हलकं तेल लावा. कॉस्टिक सोडा किंवा अ‍ॅसिड वापरू नका, दात जिथे जोडलेला असतो तो सांधा त्याने खराब होऊ शकतो. नवीन ब्लेड आणायला निघालेल्या माणसाचे पैसे एवढ्या अर्ध्या तासात वाचू शकतात.

धुऊनही कापत नसेल तर ब्लेड उजेडात धरून फिरवून बघा. दातांची टोकं गोल झालेली दिसली पण सगळे दात जागेवर आहेत, पातं सरळ आहे, तर ते धार लावण्याजोगं आहे. दोन दातांमधल्या खाचेतून आत गेलेली चीर दिसली, पात्यावर निळे डाग पडलेत, लोखंडी पट्टी टेकवल्यावर मधे उजेड दिसतो, किंवा मधलं भोक सैल झालंय, तर ते ब्लेड मशीनसाठी मेलं. चीर वेल्डिंगने भरून चालवणारे महाभाग आहेत. मिनिटाला हजारो फेरे फिरणाऱ्या पात्याचा तुकडा उडाला तर तो कुठे जाईल याचा विचार करा आणि हा नाद सोडा. एखादाच दात गेला असेल तर शार्पनिंगवाला नवीन दात बसवून देतो, पण ते महागड्या ब्लेडलाच परवडतं.

धार लावायचा हिशेब

कार्बाइडला धार लागते हिऱ्याच्या चाकावर. त्याची मशीन गावात नसते. कारंज्याहून नागपूर साधारण पाऊणशे किलोमीटर. तिथे लकडगंज म्हणजे लाकडाचा जुना बाजार, आरागिरण्यांचा भाग. ज्या भागात लाकूड कापलं जातं तिथेच धार लावणाऱ्याची चौकशी करायची, हा साधा नियम.

आता आकडे मांडू. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्याकडचे भाव विचारून स्वतःचे टाका.

समजा १२ इंची, ८० दातांचं ब्लेड २,४०० रुपयांना. धार लावायला ४०० रुपये. नागपूरची एक खेप म्हणजे एसटी, जेवण, बुडालेला अर्धा दिवस धरून ६०० रुपये. एकच ब्लेड घेऊन गेलात तर धार पडली हजाराला. सहा ब्लेडं जमवून गेलात तर खेपेचे ६०० सहांत वाटले गेले, म्हणजे एका ब्लेडला १००, आणि धार पडली ५०० ला. चांगल्या ब्लेडला तीनदा धार लागली असं धरा. नवीन असतानाचं एक आयुष्य आणि धारेनंतरची तीन, अशी चार आयुष्यं. सहांच्या खेपेने एकूण खर्च २,४०० अधिक १,५००, म्हणजे ३,९००. भागिले चार, ९७५ रुपये. एकेक ब्लेड घेऊन पळालात तर ५,४०० भागिले चार, १,३५०. आणि दरवेळी नवीन घेतलंत तर २,४००.

हेच गणित ४ इंची, अडीचशे रुपयांच्या ब्लेडला लावून बघा. धारेचे १२० आणि खेपेचे १०० धरले तरी २२० झाले. तिथे धार लावण्यात अर्थ नाही. ते सरळ भंगाराच्या डब्यात. म्हणजे ब्लेड विकत घेतानाच ठरवायचं असतं की हे धार लावायचं आहे की संपवायचं आहे. स्वस्त ब्लेडच्या दातावर कार्बाइड इतकं पातळ असतं की एका धारेतच ते संपायला येतं. माझ्या मते रोज प्लाय कापणाऱ्याने मोठं ब्लेड चांगल्या कंपनीचंच घ्यावं आणि दोन ठेवावीत. एक मशीनवर, एक धारेला.

कार्बाइडची धार घरच्या ग्राइंडरवर लावायचा प्रयत्न करू नका. दात वेडेवाकडे होतात हा झाला पैशाचा भाग. दुसरा भाग जास्त गंभीर आहे. कार्बाइडचे कण एकमेकांना धरून ठेवायला त्यात कोबाल्ट असतो. ही बारीक धूळ श्वासातून वर्षानुवर्षं गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही.

मशीनसाठी मेलेलं पातं कशाला उपयोगी

इथे पहिली गोष्ट म्हणजे पात्याचा धातू ओळखा. हॅक्सॉचं ब्लेड, आरा मशीनचा पट्टा आणि कार्बाइडचं गोल ब्लेड, तिन्ही "लोखंडच" असं म्हणणाऱ्याचा माल वाया जातो.

आरागिरणीचा पट्टा म्हणजे लवचीक, चांगलं कार्बन पोलाद. गोल ब्लेडचं मधलं पातंही साधारण त्याच जातीचं. यातून सुताराला सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू होते ती खरवडणी. सागाच्या फळीवर रंधा उलटा लागला की रेषा उचकटतात, मग आपले कारागीर फुटक्या काचेने घासत बसतात. त्याऐवजी पट्ट्याचा पाच इंच बाय अडीच इंच तुकडा घ्या. दातांची बाजू कापून टाका. कापताना पातळ कटिंग व्हील वापरा आणि दर काही सेकंदांनी तुकडा पाण्यात बुडवा. काठ निळा पडला की तिथला कणखरपणा गेला, तेवढा भाग पुन्हा घासून काढावा लागेल. मग लांब काठ कानशीने काटकोनात सपाट करा, तेलाच्या दगडावर दोन्ही बाजू गुळगुळीत करा. आता जुन्या इंजिनच्या व्हॉल्वची दांडी किंवा कुठलाही कडक गुळगुळीत गोल रॉड घेऊन काठावरून किंचित तिरका, जोर देऊन दोन-तीनदा ओढा. काठावर एक सूक्ष्म आकडा वळतो, बोटाच्या नखाला जाणवतो. तो आकडाच लाकूड खरवडतो. नीट जमली तर भुगा न पडता केसासारख्या पातळ साली निघतात. पॉलिशपेपरचा खर्च कमी होतो आणि बोथट झाली की पुन्हा तोच रॉड फिरवायचा. पाच मिनिटांचं काम.

हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यांपासून सनमायका कापायची सुरी बरेच जण करतात, ती चांगलीच होते. तुकड्याला आकडीसारखं टोक घासा, मागे लाकडाची मूठ किंवा निदान सायकलच्या ट्यूबचं वेटोळं घट्ट गुंडाळा. नुसतं चिकटपट्टी गुंडाळलेलं पातं हातात फिरतं आणि तळव्यात घुसतं. पूर्ण कडक ब्लेड ठिसूळ असतं, ते वाकवू नका. तुटताना तुकडा डोळ्याकडे येतो, म्हणून डोळ्यावर चष्मा हवाच.

लोहाराकडे देऊन पावशी, विळा, खुरपं करून घेता येतं का? येतं, पण कुठलं पातं देताय ते बघा. आरा मशीनचा पट्टा किंवा जुनी हातकरवत द्या. हायस्पीड स्टीलचं पॉवर हॅक्सॉ ब्लेड देऊ नका, त्याला पाणी द्यायला लागणारी उष्णता साध्या भट्टीत सांभाळता येत नाही आणि लोहाराची मेहनत वाया जाते. कार्बाइडचे दात असलेलं गोल ब्लेड जसंच्या तसं भट्टीत घालायचं नाही. दात ज्या चांदीच्या डाकाने बसवलेले असतात त्यात, विशेषतः जुन्या ब्लेडमध्ये, कॅडमियम असू शकतं आणि तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. काही ब्लेडांवर लाल-काळा नॉनस्टिकसारखा लेप असतो, त्याचा धूरही तितकाच वाईट. लोहार भट्टीशेजारी बसून असतो. त्याला न सांगता असं पातं देणं हा अन्याय आहे.

एक वापर मात्र कधीच करायचा नाही. जुनं लाकूड कापायचं गोल ब्लेड हातातल्या अँगल ग्राइंडरला बसवणं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे फिरतो. त्याचं संरक्षक कव्हर कटिंग व्हीलसाठी असतं, लाकडात दात अडकल्यावर मशीन उसळते ती झेलायची सोय त्यात नसते. बरेच जण ब्लेड मावावं म्हणून ते कव्हरही काढून ठेवतात. दवाखान्याचा खर्च बाजूला ठेवा, उजव्या हाताची दोन बोटं गेलेल्या सुताराचं दुकान किती दिवस चालेल ते सांगा.

भिंतीवरची घड्याळं, ढाब्यासाठी रंगवलेल्या पाट्या वगैरे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. करा हवं तर, दोन-चार विकल्याही जातील. दात घासून बोथट केल्याशिवाय देऊ नका, एवढंच.

कबाडीकडे जाईपर्यंत

आता उरलेला माल. हा घंटागाडीत टाकायचा नाही. कारंज्याला नगरपंचायत आहे, गाडीवर कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत टाकलेलं हॅक्सॉचं पातं पिशवी फाडून बाहेर येतं आणि थेट त्यांच्या तळव्यात जातं. त्यांच्याकडे बहुतेक वेळा चांगले हातमोजेही नसतात.

दुसरा बळी कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे गाय. कारंजा, आर्वी, आष्टी हा गवळाऊ गायींचा मूळ पट्टा, आपल्याच तालुक्यात हेटीकुंडीला त्यांच्या पैदाशीचा सरकारी फार्म आहे. गाय चारा निवडून चावत नाही, तोंडात आलेलं गिळते. खिळा, तार, पात्याचा तुकडा पोटाच्या जाळीच्या कप्प्यात जाऊन बसतो आणि पुढे पडदा फोडून हृदयापर्यंत पोचू शकतो. आपण लाकडाचा भुसा गोठ्यात अंथरायला देतो ना? त्या भुशात तुटलेले दात आणि हॅक्सॉचे तुकडे असतात. जुन्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक काठीला बांधा आणि पोतं भरण्याआधी भुशातून सावकाश फिरवा. पोलाद चिकटतंच, कोबाल्टमुळे कार्बाइडचे दातही जोरदार चुंबकाला चिकटतात. काय काय निघतं ते एकदा बघाच.

साठवायची पद्धत सोपी आहे. लहान पात्यांसाठी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला गल्ल्यासारखी चीर पाडा, तुकडा आत गेला की बाहेर येऊ नये. गोल ब्लेडांना दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून मधल्या भोकातून तार ओवून बांधा. लांब पात्यांच्या दातांवर पाण्याचा जुना पाइप उभा चिरून चढवा. आरा मशीनचा पट्टा सगळ्यात धोक्याचा, तो गुंडाळलेला असला तरी स्प्रिंगसारखा उसळतो. गुंडाळी तीन ठिकाणी तारेने आवळा, सोडताना पोरांना लांब उभं करा. हे करताना चामड्याचे हातमोजे घाला. आणि चालू मशीनवर काम करताना तेच हातमोजे काढून ठेवा, कारण फिरतं पातं मोजा ओढून घेतं, मोज्याबरोबर हात जातो.

कटिंग व्हीलचं वेगळं. ते राळेचं आणि काचेच्या जाळीचं असतं, कबाडी घेत नाही. मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती संपली असेल किंवा चाकाला चीर असेल तर दोन तुकडे करून मगच टाका, म्हणजे दुसरा कुणी उचलून मशीनला लावणार नाही. जाळू नका.

भाव मिळवायचा असेल तर वेगवेगळे डबे ठेवा. साधं पोलाद एकात, हायस्पीड स्टील दुसऱ्यात, कार्बाइड तिसऱ्यात. कार्बाइडला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव असतो, जगातलं बहुतांश टंगस्टन चीनमधून येतं म्हणून भंगारालाही मागणी आहे. ओळखायचं कसं? हाताला जड लागतं, पोलादाच्या जवळपास दुप्पट, आणि कानस लागत नाही. पण लगेच ब्लेडचे दात उपटायला बसू नका. एका ब्लेडवरचं सगळं कार्बाइड मिळूनही थोडंच भरतं, त्यासाठी डाक वितळवून धूर घेणं मूर्खपणाचं आहे. अखंड ब्लेडंच वेगळी बांधा आणि कबाडीला "ही कार्बाइडची आहेत, लोखंडात धरू नका" असं सांगून दोन ठिकाणी भाव विचारा. लेथचे टिप आणि राउटरचे भरीव कार्बाइड बिट मात्र जपून वेगळे ठेवा, ते वजनाला भरतात.

कराचंही सांगतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम असा आहे की जीएसटी नोंदणी नसलेल्याने नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धातूचं भंगार विकलं तर कर व्यापाऱ्याने भरायचा, रिव्हर्स चार्जने. तुमची नोंदणी असेल तर तुम्ही बिल करून १८ टक्के लावायचा. छोट्या दुकानदाराला एवढं पुरे, बाकी सीएला विचारा.

यात धंदा आहे का?

व्हिडिओच्या शेवटी मी हा प्रश्न सोडून दिला होता. बघू या. समजा कारंजा, तळेगाव, कोंढाळी, आर्वी मिळून तुम्ही २५ दुकानं पकडली आणि प्रत्येकाकडून महिन्याला धारेची दोन ब्लेडं घेतली. झाली ५०. गिऱ्हाइकाकडून ५००, शार्पनिंगवाल्याला ४००. हातात १०० प्रमाणे ५,०००. नागपूरच्या दोन खेपांचे १,२०० आणि गावोगाव फिरायच्या पेट्रोलचे १,३०० वजा करा. उरले अडीच हजार. नियमित ५० ब्लेडं नेणाऱ्याला शार्पनिंगवाला ३३० चा भाव देईल असं धरलं तर आणखी ३,५०० सुटतात, म्हणजे महिन्याला सहा हजार.

यावर घर चालत नाही. पण तुमचं आधीच हार्डवेअरचं दुकान असेल, किंवा प्लाय-सनमायका पोचवायला तुमची गाडी तशीही फिरत असेल, तर फिरण्याचा खर्च निघालेलाच आहे. ब्लेड घ्यायला गेलात की नवीन ब्लेडची ऑर्डर मिळते, संपलेली ब्लेडं भंगारात घेता येतात, आणि महिन्यातून दोनदा गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायला कारण मिळतं. धार लावायची मशीन घ्यायचा विचार महिन्याला दीडशे ब्लेडं सलग सहा महिने जमल्यावर करा. त्याआधी कर्ज काढून मशीन आणणाऱ्याची मशीन बसून राहते आणि हप्ता चालू राहतो.

सुरुवात करायची तर एक साधी वही घ्या. प्रत्येक ब्लेडवर पक्क्या मार्करने नंबर टाका, वहीत तोच नंबर, दुकानाचं नाव, घेतल्याची तारीख, दात किती, तुटलेले किती, कितवी धार. दात मोजून गिऱ्हाइकासमोरच लिहायचे आणि त्याची सही घ्यायची. नाहीतर परत देताना "माझ्या ब्लेडचे दोन दात तुम्हीच पाडले" हे भांडण ठरलेलं आहे, आणि त्या भांडणात २,४०० रुपयांचं ब्लेड तुमच्या खिशातून जातं.

वहीच्या पानाचा नमुना पुढच्या व्हिडिओत फळ्यावर काढून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या कोपऱ्यातली पाती बाहेर काढा, मोजा, धारेची, वापरायची आणि भंगाराची वेगवेगळी लावा. हातमोजे घालून.